केजी-टूच्या वर्गात थंडी: नागपुरातली आमची विंटर थीम, परवानगीपासून बिलापर्यंत

आमची विंटर थीम १७ जानेवारीला संपली, फाईल जमा झाली, आणि परवा बिलांचे पैसेही हातात पडले, म्हणून आता निवांत लिहायला बसलेय. नोव्हेंबरमध्ये ही थीम माझ्याकडे आली तेव्हा मी खूप शोधलं होतं की आपल्याकडच्या कुणी शिक्षिकेनं हे सगळं क्रमाने लिहून ठेवलंय का, म्हणजे परवानगी कशी काढली, पैसे किती लागले, पालक काय म्हणाले, मुलं कशात रमली. जे मिळालं ते सगळं बर्फाचं होतं. त्यामुळे पुढच्या वर्षी जिच्या वाट्याला हे येईल तिच्यासाठी लिहितेय.

माझा वर्ग केजी-टूचा, २६ मुलं, पाच ते सहा वर्षांची. मदतीला एक मावशी, आणि त्या नसत्या तर यातलं निम्मंही झालं नसतं. शाळेत माझं दुसरं वर्ष आहे, पण सलग सहा आठवड्यांची थीम एकटीने आखून करायची वेळ पहिलीच, त्यामुळे पोटात गोळा होता हे खरंय.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर १२ नोव्हेंबरला स्टाफ मीटिंग झाली आणि २ डिसेंबर ते १७ जानेवारी 'विंटर' असं कॅलेंडरवर लिहून मिळालं. सोबत जुनी फाईल. त्यात कापसाचा स्नोमॅन, पेंग्विनचा मुखवटा, इग्लू, आणि बर्फात खेळणाऱ्या मुलांचं चित्र रंगवा अशा वर्कशीट. कापसाचं काम मुलांना आवडतंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण माझ्या मनात हे बसत नव्हतं की सकाळी नऊ वाजता कानटोपी घालून कुडकुडत आलेल्या लेकराला आपण सांगायचं की थंडी म्हणजे बर्फ, आणि त्याच्या अंगाला जी लागतेय तिचं वर्गात नावच नाही. नागपूरची थंडी काही लुटुपुटूची नाही, २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. इथे थंडी आली की बाथरूममधली तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागतात, घरोघरी सांभारवडी (म्हणजे कोथिंबिरीची वडी) होते, आजीच्या टाचांना भेगा पडतात. मला हे सगळं वर्गात आणायचं होतं.

कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, "कल्पना छान आहे, पण लेखी द्या." म्हणजे प्रत्येक ॲक्टिव्हिटीसमोर तिचा हेतू, लागणारं सामान, खर्च, धोका काय आणि तो कसा टाळणार, आणि लर्निंग आउटकम. २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला ना, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा, त्यातल्या क्षमतांशी जुळवून लिहायचं होतं. मी १८ तारखेला प्लॅन दिला, तो शेरे मारून परत आला, मग पुन्हा दिला, आणि २७ नोव्हेंबरला सही झाली. शेरे बहुतेक एकाच गोष्टीवर होते, 'मुलांना थंडीची माहिती होईल' असं लिहिलेलं चालत नाही. 'मूल दोन वस्तू हाताळून कोणती जास्त गार ते सांगेल', 'मूल स्वतःच्या स्वेटरची बटणं लावेल', असं डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. सुरुवातीला हे किचकट वाटलं, पण नंतर ऑब्झर्व्हेशन शीट भरताना याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण काय बघायचं ते आधीच ठरलेलं होतं.

पैशाचं पण सांगते. मी ३,५०० रुपये मागितले, २,५०० मंजूर झाले, तेही आधी स्वतः खर्च करा आणि बिलं लावा या बोलीवर. आता बोरंवाला आणि शेंगावाली बिल देत नाही. त्यासाठी ऑफिसमधून कॅश व्हाऊचरचे कोरे कागद पहिल्याच दिवशी मागून घ्या, विकणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या, तारीख टाका, बस. आमच्या अकाउंट्सला ते चालतं. थीम संपल्यावर व्हाऊचर करायला गेलं तर कुणाला कुठे शोधणार.

पालकांचं सर्क्युलर २८ नोव्हेंबरला गेलं. त्यात तीन गोष्टींची संमती मागितली होती, खाण्याची, फोटोंची आणि सहलीची. आणि ॲलर्जीचा वेगळा रकाना. हा रकाना नक्की ठेवा, कारण तीळ आणि फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, दोन्ही जानेवारीत येणारच. एका मुलीला फल्लीदाण्याची ॲलर्जी आहे हे मला तिथेच कळलं. सगळे फॉर्म परत यायला आठवडा गेला, शेवटचे चार तर गेटवर उभं राहून भरून घेतले.

एका आईचा फोन आला, बर्फाला मुलाला हात लावू देऊ नका म्हणून. त्याला दर हिवाळ्यात खोकला होतो, रात्र रात्र बसून काढावी लागते, आवाजातच थकवा होता. मी वाद घातला नाही. बर्फाचं काम सकाळी न ठेवता अकरानंतर उन्हात करू, टॉवेल जवळ असेल, आणि तुमचा मुलगा चमच्याने करेल असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालते मग, टीचर." पालक नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते ॲक्टिव्हिटीला नाही म्हणत नसतात, कुठल्या तरी एका भीतीला नाही म्हणत असतात, ती विचारून घेतली की मार्ग निघतो.

२ डिसेंबरला सुरुवात तेलाने केली. आदल्या रात्री तीन पारदर्शक बाटल्या मी गॅलरीत ठेवल्या होत्या, एकीत खोबरेल तेल, एकीत फल्ली तेल, एकीत तूप. शाळेत आणल्यावर खोबरेल पांढरं दगड, तूप रवाळ, फल्ली तेल मात्र पातळच. मुलांच्या हातात बाटल्या दिल्या आणि मी काहीच बोलले नाही. गोल फिरून बाटल्या परत येईपर्यंत वर्गात नुसता कलकलाट. "यात मेण टाकलं", "हे दूध आहे", "माझ्या घरी पण असंच झालं, आईने गॅसजवळ ठेवलं." ते शेवटचं वाक्य मला हवंच होतं. मग तिला विचारलं, गॅसजवळ का? ती म्हणाली, "थंडी वाजून राहिली होती ना त्याला."

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं, आणि आपल्याकडे डिसेंबरात सकाळी वर्गातही त्याहून कमी असतं, दुपारी बाहेर मात्र सहज वर जातं. म्हणजे एकाच शाळेच्या वेळात ते थिजलेलंही दिसतं आणि वितळलेलंही. आमच्याकडे वर्ग नऊला भरतो (चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला त्यानंतर वेळ बदलली), सुटतो साडेबाराला. नऊला तीन वाट्यांमध्ये एक एक चमचा थिजलेलं तेल काढलं, एक वाटी उन्हात, एक व्हरांड्यात सावलीत, एक वर्गात कपाटावर. आधी अंदाज विचारला, कुठलं आधी वितळेल, आणि प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी त्या वाटीजवळ ठेवली. नऊ मुलांनी कपाट निवडलं कारण "वर्गात थंडी नाही लागत". उन्हातली वाटी पाणी पाणी झाली तेव्हा त्या नऊपैकी काहींनी हळूच चिठ्ठ्या उचलून उन्हात नेऊन ठेवल्या. मी त्या परत जागेवर ठेवल्या आणि सांगितलं की अंदाज चुकला तरी चिठ्ठी हलवायची नाही, आपण कशामुळे तसं म्हटलं ते सांगायचं. हे समजवायला त्या दिवशीची उरलेली सगळी वेळ गेली, आणि ती वेळ गेली याचं मला खूप समाधान आहे.

चौथी जागा मुलांनीच काढली, तळहात. चिमूटभर तेल हातावर घेतलं की बघता बघता वितळतं, मग ते एकमेकांच्या गालाला, केसांना. मावशी म्हणाल्या, "आता सगळ्यांची मालिशच करून टाका!" टिप म्हणून सांगते, त्या दिवशी गणवेश नको, जुने कपडे घालून पाठवा असं आधीच कळवा, आणि फरशीवर वर्तमानपत्र अंथरा, तेलावरून पाय घसरतो.

त्याच आठवड्यात भिंतीवर थर्मामीटर लावलं, लाल रेघेचं, १८० रुपयांना मिळालं. पाऱ्याचं घेऊ नका, फुटलं तर पारा विषारी असतो. मुलांना आकडे वाचता येणं गरजेचं नाही. शेजारी कागदाची उभी पट्टी लावली, आणि रोज नऊला आणि सव्वाबाराला लाल रेघ जिथे असेल तिथपर्यंत एका मुलाने रंगवायची, सकाळची निळी, दुपारची केशरी. दहा-बारा दिवसांत भिंतीवर आपोआप तक्ता तयार झाला आणि मुलं स्वतःहून येऊन म्हणायला लागली की आज निळी बुटकी आहे.

दुसरा आठवडा कपड्यांचा. यात मोठं नियोजन काही नव्हतं, पण रोजच्या जगण्यात सगळ्यात उपयोगी पडलेलं हेच. २६ मुलं, २६ नेव्ही ब्लू स्वेटर, साडेदहाला ऊन चढलं की सगळे एकदम काढणार, आणि सुटताना कुणाचा कुठला. म्हणून मी प्रत्येक स्वेटरच्या आत कॉलरला रंगीत लोकरीचा टाका घातला, दोन दोन रंगांची जोडी प्रत्येकाची वेगळी. मुलांना आपली जोडी पाठ झाली. मग बटण, चेन, स्वेटर उलटा निघाला तर सुलटा करणं, घडी घालणं. पाच वर्षांच्या मुलाला चेनचं खालचं टोक अडकवता येणं ही बारीक स्नायूंची मोठी कसरत आहे, पेन्सिल धरायच्या आधीची. दोन आठवड्यांनी २६ पैकी २१ जणांना स्वतःची चेन लावता यायला लागली, हे मी शीटवर टिक करून ठेवलंय.

मोज्यांच्या जोड्या लावायचा खेळ पण केला. प्रत्येकाने घरून एक जोडी आणायची, सगळे मोजे एका टोपलीत, मग जोडी शोधून दोरीवर चिमट्याने लावायची आणि दोन-दोनने मोजायचं. चिमटा दाबणं पण बोटांना चांगलं. एका मुलाची आजी वर्गात विणायला आली. तिने सुया आणि लोकर घेऊन तासभर नुसतं विणलं आणि मुलं भोवती बसून बघत होती. मग तिने एक विणलेला तुकडा मुलांच्या हातात देऊन धागा ओढायला सांगितला, सगळं उसवत गेलं आणि हातात फक्त वाकडातिकडा धागा उरला. एक मुलगा रडायलाच लागला, आजीचं मोडलं म्हणून. आजी म्हणाली, "अरे बाबू, मोडलं नाही, आता याचंच दुसरं करू." आजीला गेटवर पास काढावा लागला, आधार कार्डाची झेरॉक्स आणि मुख्याध्यापकांची सही, आदल्या दिवशी करून ठेवा, नाहीतर वयस्कर माणूस गेटवर उभं राहतं.

१६ ते २१ डिसेंबर विधानसभेचं हिवाळी अधिवेशन होतं. नागपूरकरांना सांगायला नको, तो आठवडा म्हणजे रस्ते वळवलेले, मोर्चे, बॅरिकेड, आमच्या व्हॅन पाऊण पाऊण तास उशिरा. मूळ प्लॅनमध्ये संत्र्याच्या बागेची सहल याच आठवड्यात होती, ती ऑफिसने पुढे ढकलायला लावली. वाईट वाटलं कारण बागवाल्यांशी बोलणं झालं होतं, बसचा ॲडव्हान्स दिला होता. बसवाल्याने तारीख बदलून दिली हे बरं. नागपुरात डिसेंबरमध्ये सहल ठेवायची असेल तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर होईपर्यंत बस बुक करू नका.

पण त्याच आठवड्यात मला सगळ्यात आवडलेलं काम झालं. सावली. २१ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस, पण तो शनिवार होता म्हणून आम्ही शुक्रवारी २० ला केलं, एका दिवसाने काही फरक पडत नाही. सकाळी सव्वानऊला पटांगणात मुलांच्या जोड्या, एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने खडूने सावलीचं टोक खुणवायचं. सावल्या लांबच लांब, उंचीच्या जवळजवळ दुप्पट. पायांची जागाही खडूने आखून ठेवली, त्यात पुढे आपापली नावं. मग बारा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा त्याच पावलांवर. नागपुरात त्या दिवसांत सूर्य दुपारी बारा-दहा, बारा-बाराच्या सुमारास सगळ्यात वर असतो, आणि इथल्या अक्षांशामुळे डिसेंबरच्या या दिवशी तो आकाशात बरोब्बर अर्ध्या वाटेवर, म्हणजे साधारण ४५ अंशांवरच येतो. त्याचा अर्थ, माझी सावली माझ्याएवढी. हे मला आधीच माहीत होतं, पण मी मुलांना सांगितलं नाही. प्रत्येकाच्या उंचीएवढी लाल रिबन आदल्या दिवशी कापून ठेवली होती. सावलीएवढी पिवळी कापली. मग म्हटलं दोन्ही शेजारी धरा.

आधी कुणाला काही वाटलंच नाही, मग एक मुलगी ओरडली, "टीचर, सेम टू सेम!" मग दुसरी जोडी, तिसरी. सगळ्यात उंच मुलाची पण सेम, सगळ्यात लहानखुऱ्या मुलीची पण सेम. त्यांना वाटत होतं की उंच मुलाची सावली 'जिंकेल'. मग एक जण सावलीच्या शेजारी चक्क आडवाच झाला, डोकं टोकाला टेकतंय का बघायला, आणि मग सगळेच. पटांगणात २६ मुलं आपापल्या सावलीच्या अंगाला अंग लावून झोपलीत आणि सुटायची घंटा झालीय, पालक गेटवर, आणि कुणी उठायला तयार नाही. मला तेव्हा रडूच येत होतं. खर्च, रिबनचे दोन रोल ७० रुपये आणि खडू.

व्यवहाराची गोष्ट, ढगाळ असलं तर हे जमत नाही, म्हणून आधीचे-नंतरचे दोन दिवस राखीव ठेवा. आणि सूर्याकडे बघायचं नाही हे मुलांना दहा वेळा सांगा.

पटांगणातच धोबी पक्षी दिसायचे, शेपटी सारखी वरखाली करणारे. हिवाळ्यात ते आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात. आम्ही वेगळी पक्ष्यांची ॲक्टिव्हिटी केली नाही, फक्त जो बघेल त्याने दाराजवळच्या डब्यात एक खडा टाकायचा. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकदंब हंसांची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे नकाशाकडे बघत राहिले.

नाताळच्या सुट्टीआधी बर्फ केला. तोही ठेवलाच, कारण वर्गातल्या एका मुलाचे बाबा फौजेत आहेत, कामठीहून बदली होऊन लडाखला गेलेत, आणि त्याच्यासाठी बर्फ ही चित्रातली गोष्ट नाही. त्याच्या आईने बाबांनी पाठवलेला छोटा व्हिडिओ दाखवायला दिला, ऑफिसमधून विचारून घेतलं, त्यात ठिकाण किंवा युनिट काही दिसत नाही ना तेही बघितलं. नुसतं पांढरं अंगण, आणि बुटांचा करकर आवाज. तो मुलगा एरवी फार बोलत नाही, त्या दिवशी त्यानेच सगळ्यांना सांगितलं की तिथे नळाचं पाणी पण जमतं.

बर्फ घरी करून नेला. शाळेतला फ्रिज मेडिकल रूमचा, त्यात औषधांशिवाय काही ठेवायला परवानगी नाही, ते बरोबरच आहे. स्टीलच्या वाट्यांमध्ये पाणी, त्यात झेंडूच्या पाकळ्या, मोठं बटण, तुळशीचं पान, रात्रभर फ्रीझरला, सकाळी थर्माकोलच्या डब्यात. आतली वस्तू बाहेर काढायची, कशी ते तुम्ही ठरवा. कुणी उन्हात ठेवली, कुणी फुंकर मारली, कुणी कोमट पाणी ओतलं. मग मीठ. मिठाने बर्फ लवकर वितळतो पण ते मिश्रण शून्याच्याही खाली जातं, कुल्फीच्या मडक्यात हेच करतात, म्हणून मीठ-बर्फाला मुलांचे हात लावू द्यायचे नाहीत, त्वचा भाजल्यासारखी होते. ते मी स्वतः केलं, मुलांनी लांबून थर्मामीटरची लाल रेघ खाली जाताना बघितली. खोकल्याची काळजी असलेल्या त्या मुलाने चमच्याने आपलं बटण सगळ्यात आधी सोडवलं आणि आईला दाखवायला नेलं. कागदाच्या हिमकणिका पण कापल्या. खरी हिमकणिका षट्कोनी असते म्हणून घडी सहाची घालावी लागते, ती मुलांना जमत नाही, आपण घालून द्यायची आणि कात्री त्यांना.

जानेवारीत ३ तारखेला सहल झाली एकदाची. कळमेश्वरकडे एका पालकांच्या नातेवाइकांची बाग. बसचे ५,२०० रुपये, म्हणजे प्रत्येकी २०० रुपये पालकांकडून, ते मंजूर बजेटच्या बाहेरचे. बसमध्ये महिला मदतनीस, प्रथमोपचार पेटी, मुलांच्या गळ्यात शाळेचा नंबर असलेलं कार्ड (नाव आतल्या बाजूला), आणि बागेत विहीर असेल तर तिचा फोटो आणि झाकण किंवा कुंपण आहे का ते आधी कळवायचं, ही अट आमच्या मुख्याध्यापकांनी घातली आणि मला ती अगदी पटली. मी आधी जाऊन बघून आले होते.

नागपुरी संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग. आंबियाची फळं हिवाळ्यात तोडणीला येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चकडे. या बागेत आंबियाची शेवटची तोडणी चालू होती आणि शेजारच्या बागेत मृगाची फळं अजून हिरवी. मुलांनी हे स्वतःच पकडलं, "त्या झाडांना उशीर झाला का?" बागवाले काका फार छान बोलले. फळ ओढून तोडायचं नाही, कात्रीने देठाशी कापायचं, ओढलं की देठाजवळचं साल फाटतं आणि फळ लवकर सडतं. हे त्यांनी पाच वर्षांच्या मुलांना खाली बसून दाखवलं. काका म्हणाले, "पोट्टे मोठ्या माणसांपेक्षा हळू हात लावून राहिले." प्रत्येकाने एक एक फळ त्यांच्या हाताला धरून कापलं.

त्या फळांवर पुढचे तीन दिवस वर्ग चालला. संत्रं सालीसकट पाण्यात तरंगतं, सोलल्यावर बुडतं, ढिल्या सालीखाली हवा असते म्हणून. हे बघितल्यावर मुलांनी डबेच्या डबे रिकामे करून सगळं काही पाण्यात टाकून बघितलं. फोडी मोजल्या, कुणाच्या नऊ, कुणाच्या अकरा, जमिनीवर खडूने खाने आखून दहाच्या खान्यात दहावाल्यांनी आपली साल ठेवली. सर्वांत उंच ढीग दहाचा. वाळलेली साल पुढे कोलाजला वापरली, वर्गाला आठवडाभर वास होता.

मग संक्रांत. १४ ला सुट्टी म्हणून १३ ला वर्गात केलं. हुरडा भाजायचा माझा फार मनापासून विचार होता पण शेगडीला परवानगी नाकारली, मग तुरीच्या शेंगा घरून मीठ घालून उकडून नेल्या आणि हरभऱ्याचे घाटे सोलायला दिले. सोलणं पण बोटांचंच काम. तिळगूळ गरम पाकाचा मी आणि मावशींनी घरी केला, मुलांनी फक्त कोमट झाल्यावर लाडू वळले, फल्लीदाणे अजिबात घातले नाहीत. बोरन्हाण पण घातलं सगळ्यांना, बोरं, ऊसाचे करवे, मुरमुरे. बोरं खाताना मात्र सगळे खाली बसलेले हवेत, बिया घशात जातात, आणि एका वेळी एकच. पतंगांबद्दल बोललो तेव्हा नायलॉन मांजाबद्दल स्पष्ट सांगितलं, पक्ष्यांच्या आणि गाडीवरच्या माणसांच्या गळ्याला लागतो, बंदी आहे तरी विकला जातो. दोन दिवसांनी एका बाबांनी गेटवर सांगितलं की पोराने घरातली चक्री फेकायला लावली.

फाईलमध्ये वर्कशीट जवळजवळ नाहीत. रोजच्या दोन-तीन मुलांच्या दोन ओळी, ते काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, एवढंच. सगळ्या मुलांचं रोज लिहायला गेलं की काहीच होत नाही, म्हणून वाटून घ्या, आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते. १७ जानेवारीला पालकांना बोलावलं, तेव्हा मुलांनीच त्यांना थर्मामीटरची पट्टी आणि रिबन दाखवल्या, मी मागे उभी होते. एकूण खर्च २,३४० झाला, ४ फेब्रुवारीला मिळाला, फक्त एका व्हाऊचरवर तारीख नीट उमटली नव्हती म्हणून ते ६० रुपये पुढच्या बिलात लावायचे आहेत.

रिबन मी घरी पाठवल्या नाहीत, नावं घालून वर्गातच ठेवल्यात. २० मार्चला दुपारी बारा-वीसच्या सुमारास पुन्हा त्याच पावलांवर उभं करायचंय, तेव्हा सावली उंचीच्या निम्म्याहूनही कमी भरेल. आणि २६ मेच्या आसपास नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा शाळा बंद, म्हणून पालकांनी घरी अंगणात किंवा गच्चीवर बारा-दहाला मुलांना उभं करून बघावं, डोक्यावर टोपी घालून आणि दोनच मिनिटं, अशी नोट द्यायची आहे. तिला पण मंजुरी लागते, म्हणून अर्ज आत्ताच टाकलाय.